तारा, बांधी आणि सारस

गोंदिया
ऑगस्टचा शेवटचा आठवडा

चि. मीनल,


तुझं पत्र मिळालं. वीज वितरणाच्या नोकरीतली पहिली नेमणूक गोंदियात झाली, याचा घरात सगळ्यांना आनंद आहे. आईला सांग, काळजी करू नकोस म्हणावं. मामाचं घर आहे, जेवणाची सोय आहे.

पत्राच्या शेवटी तू जे विचारलंस, त्याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं. तू लिहितेस, ‘सारसासाठी तारांना आवरण घाला, खुणा लावा, लाइन जमिनीखालून न्या, असं सारखं कानावर येतं. तीसेक पक्ष्यांसाठी एवढा खर्च कशाला? त्यांना नागझिऱ्यात नेऊन का सोडत नाहीत?’ नवा अधिकारी असं मोकळेपणानं विचारतो, हे मला आवडलं. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी नागझिऱ्याचं. वाघाला जंगल लागतं. नवेगाव आणि नागझिरा मिळून 2013 साली व्याघ्र प्रकल्प झाला, आणि 2023 मध्ये ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी आणून तिथं सोडल्या. ब्रह्मपुरीकडे वाघांची दाटी आणि इथं जागा मोकळी, म्हणून ते जमलं. सारसाचं तसं नाही. तो झाडावर बसत नाही, दाट रानात शिरत नाही. त्याला उघडं आभाळ, उथळ पाणी आणि चिखल लागतो. आपल्या जिल्ह्यात हे तिन्ही एकत्र मिळतं ते धानाच्या बांधीत आणि तलावाच्या कडेला. त्याचं घरच माणसाच्या शेतात आहे. तिथून उचलून त्याला नेणार कुठं?

सध्या रोवणी आटोपली आहे आणि सारसाचे अंडी उबवण्याचे दिवस चालू आहेत. भर बांधीत, पाण्याच्या मधोमध, गवत, लव्हाळे आणि धानाच्या काड्या रचून जोडी घरटं करते. कधी कधी ते सहा फूट रुंदही होतं. अंडी बहुधा दोन. नर-मादी आळीपाळीनं बसतात आणि महिनाभरानं पिल्लं निघतात. पण पिल्लू उडायला लागायला आणखी तीन महिने जातात. तोवर ते आईबापांमागून बांधीबांधीतून चालत असतं. म्हणजे निंदण, खत, औषधाची फवारणी, पुढे कापणी, शेतीच्या सगळ्या कामांतून त्याला पायीच वाट काढावी लागते. कुत्रं आलं तर उडून जाता येत नाही. इतकं करून एका जोडीचं वर्षाला एखादंच पिल्लू हाती लागतं, दोन वाचली तर मोठं भाग्य.

आता तुझ्या आकड्याकडे येतो. उत्तर प्रदेशात सारस हजारोंनी आहेत, तिथला तो राज्यपक्षी आहे. महाराष्ट्रात मात्र जवळपास सगळे सारस आपल्या गोंदियात. भंडारा आणि चंद्रपुरात बोटांवर मोजण्याइतके. नदीपलीकडे बालाघाटात काही आहेत, आणि पक्षी राज्याची सीमा ओळखत नसल्यानं वैनगंगा आणि बाघ नदीच्या दोन्ही काठांचे सारस एकाच गोतावळ्यातले धरायला हवेत. गोंदियाचा आकडा काही वर्षांपूर्वी चाळिशीच्या घरात होता. तो उतरत तिसापर्यंत आला. ‘सेवा’ या संस्थेची मंडळी आणि गावोगावचे सारसमित्र दर उन्हाळ्यात पहाटे तलाव-नदीकाठी बसून मोजणी करतात, म्हणून निदान हे कळतं तरी.

तीस म्हणजे थोडे, हे तुझं म्हणणं खरं. पण त्यातून तू काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. के. एस. गोपी सुंदर हे शास्त्रज्ञ उत्तर प्रदेशात वर्षानुवर्षं सारसाचा अभ्यास करत आले आहेत. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात तिथले शेकडा एक सारस दरवर्षी विजेच्या तारांमुळे मरतात असं दिसलं होतं. आपल्याकडे तीसच पक्षी. त्यातला एक तारेवर गेला की शेकडा तीनहून जास्त गेले, आणि बहुतेक वेळा एक जोडी मोडली. जिथं हजारो आहेत तिथं एक चूक भरून निघते. इथं ती भरून काढायला मागे कुणी उरलेलं नाही. पक्षी जितके थोडे, तितकं एकेका खांबाचं आणि एकेका घरट्याचं मोल जास्त. खर्चाचा हिशेब मांडताना ही बाजूही धर.

तारा त्याला दिसत कशा नाहीत, असं तुला वाटेल. सारस उभा राहिला तर माणसाच्या उंचीला येतो, पंख पसरले की टोकापासून टोकापर्यंत आठ फूट भरतात, वजन सहा-सात किलो. एवढं धूड ऐनवेळी चटकन वळवता येत नाही. आफ्रिकेतल्या निळ्या क्रौंचावर झालेल्या अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली. उडताना खालची जमीन पाहण्यासाठी त्यानं डोकं खाली वळवलं, की नेमका समोरचा भाग त्याच्या नजरेआड होतो. सारस त्याच कुळातला. संध्याकाळी शेतातून तलावाकडे मुक्कामाला येताना आणि पहाटे निघताना तो कमी उंचीवरूनच उडतो, आणि उजेडही अपुरा असतो. परसवाडा, झिलमिली या तलावांभोवती उभी राहून पाहा, मग तारांची कोणती रांग त्याच्या वाटेत येते हे नकाशाशिवाय कळेल.

पण सगळा भार तुझ्या खात्यावर टाकणं न्यायाचं होणार नाही. तलावांचंही पाहायला हवं. आपल्या झाडीपट्टीत हजारो मालगुजारी तलाव आहेत. नवेगावबांधसारखे मोठे तलाव कोहळी लोकांनी अठराव्या शतकात बांधले, तेव्हा उतार पाहून पाळ घातली, त्यामुळे एका अंगाला पाणी खोल आणि दुसऱ्या अंगाला पसरट, गुडघाभर राहिलं. त्या पसरट काठावर देवधान, कमळ, लव्हाळे, कंद वाढत. सारसाचं ताट तेच. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे आले आणि गावाचं त्यांच्यावरचं लक्ष हळूहळू उडालं. गाळ साचला, काठांवर बेशरम माजली. नंतर गाळ काढायचा म्हणून जेसीबी लावून काठ असे उभे कापले गेले, की पाणी वाढलं पण उथळ जागा गेली. उन्हाळी धानाला पाणी सुटलं की एप्रिल-मेमध्ये पक्ष्याला नदीशिवाय आसरा नाही, आणि नदीत रेतीचे ट्रॅक्टर.

हे उलटवता येतं. मनीष राजनकर आणि त्यांचं भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढीवर समाजाबरोबर काम करत आले आहेत. तिथल्या बायांनी तलावांतली बेशरम उपटली, उन्हाळ्यात तळ नांगरला आणि देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. काम केलं ते मासोळीसाठी, पोटासाठी. मासोळी वाढली आणि पक्षीही आले. मला हा धडा फार मोलाचा वाटतो. माणसाच्या पोटाचा प्रश्न आणि पक्ष्याचा प्रश्न एकाच पाण्यात सुटतो, असं या जिल्ह्यात दाखवून झालं आहे.

याच्या नेमकी उलट गोष्ट सोलापूरकडे घडली. माळढोकासाठी नान्नजचं अभयारण्य 1979 मध्ये जाहीर झालं, जवळजवळ साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं! त्यात गावं आली, शेतं आली, खरेदी-विक्रीवर बंधनं आली. लोकांच्या मनात पक्ष्याविषयी राग बसला. पुढे क्षेत्र बरंच कमी केलं, पण तोवर माळरान ऊस आणि द्राक्षांखाली गेलं होतं. आज तिथं माळढोक दिसणं दुर्मीळ झालं आहे. कागदावर जमीन राखली, माणसं मात्र दुरावली. सारसाच्या बाबतीत असं होता कामा नये.

म्हणूनच गोंदियात अभयारण्याची मागणी करण्यापेक्षा मला शेतकऱ्याच्या धुऱ्यावर जाणं महत्त्वाचं वाटतं. ज्याच्या बांधीत घरटं आहे त्याचं थोडं धान तुडवलं जातं. त्याची भरपाई वेळेत आणि हेलपाट्यांशिवाय मिळाली पाहिजे. घरट्याभोवती दाणेदार विष टाकू नये, कापणी त्या कोपऱ्यात शेवटी करावी, एवढं सांगितलं तर आपले लोक ऐकतात. अनेकांनी आपण होऊन घरटी राखली आहेत. सारसाची जोडी शेतात उतरली की घरात कौतुकानं सांगतात. हे प्रेम कायद्यानं निर्माण करता येत नाही, पण दुर्लक्षानं घालवता येतं.

2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं वर्तमानपत्रातल्या बातम्यांवरून स्वतःहून हा विषय याचिका म्हणून हाती घेतला. त्यातून गोंदिया, भंडारा आणि चंद्रपूर या जिल्ह्यांत सारस संवर्धन समित्या झाल्या. तुझ्या कानावर येतं ते त्याच प्रक्रियेतलं. न्यायालयाला हे करावं लागलं, याचं मला एक नागरिक म्हणून वाईट वाटतं. पण आदेश तारेपर्यंत पोचवणारा हात शेवटी तुझ्यासारख्या कनिष्ठ अभियंत्याचाच असणार आहे.

तेव्हा एवढं कर. दिवाळीच्या आत सारसमित्रांबरोबर पहाटे आणि सांजेला मुक्कामाच्या तलावांभोवती फिर. पक्ष्यांच्या वाटेत येणाऱ्या तारांची क्रमवार यादी कर. सगळी लाइन जमिनीखाली नेणं एकदम शक्य नसेल, पण यादीतल्या पहिल्या दहा गाळ्यांवर खुणेच्या चकत्या आणि आवरण या वर्षीच बसवता येईल. नवा खांब उभा करायची मागणी आली तर जवळच्या बांधीत घरटं आहे का हे लाइनमनला विचार, आणि तसा रकाना तुझ्या पाहणीच्या नमुन्यात कायमचा घाल. तुझी बदली झाली तरी तो रकाना मागे राहील आणि पुढच्या अभियंत्याला तो भरावाच लागेल.

वरिष्ठांनी खर्च विचारला तर आकडे घेऊन ये. आपण दोघं बसून टिपण तयार करू.

तुझा,
मामा