कवड्यांची माळ

अंबाजोगाई तालुक्यातल्या आमच्या गावात समुद्र पाहिलेलं माणूस शोधूनही सापडलं नसतं. तिथं पावसाचाच भरवसा नाही. तरीही समुद्रातला एक जीव घरोघरच्या देव्हाऱ्यात होता.

आज्जी आराधीण होती. मंगळवारी, शुक्रवारी कपाळभर कुंकू लावून, गळ्यात कवड्यांची माळ घालून आणि हातात परडी घेऊन ती पाच घरी जोगवा मागायची. आई-वडील उचल घेऊन ऊसतोडीला गेले की आम्ही भावंडं तिच्याजवळ राहायचो. माळ काढली की ती तांबड्या फडक्यात गुंडाळून ठेवी. आम्ही हात लावला तर म्हणे, "पायदळी येऊ देऊ नका रं, आईची हाय ती." कवड्या कुठल्या, असं विचारलं की उत्तर एकच: तुळजापूरच्या. त्या तिथल्या दुकानातून आल्या होत्या, हे खरंच होतं. त्याआधीची वाट मात्र गावात कुणालाच ठाऊक नव्हती.

पोळ्याला हीच कवडी बैलाच्या गळ्यात दिसे, दृष्ट लागू नये म्हणून. पारावर म्हातारी माणसं सारीपाट मांडत, तेव्हा किती कवड्या उताण्या पडल्या आणि किती पालथ्या, यावर दान ठरे.

कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत कवडी मला पुन्हा भेटली. ही एक समुद्री गोगलगाय. लिनियसनं 1758 साली तिला सायप्रिया मोनेटा हे नाव दिलं. आता तिला मोनेटारिया मोनेटा म्हणतात. लहानपणी तिच्या शिंपल्याची कड पातळ असते आणि आतला वेढा दिसतो. वाढ पुरी होताना कड आत वळते, तोंडाला दाते येतात, वेढा झाकला जातो. अंगातून निघणारा मांसल पडदा दोन्ही बाजूंनी पाठीवर चढतो आणि शिंपल्यावर थर देत राहतो. कवडीची चकाकी ही तिची स्वतःची कमाई. तिला कुणी घासलेलं नसतं. दिवसा ती प्रवाळाच्या दगडाखाली दडते, रात्री बाहेर पडून शेवाळ खरवडून खाते. मादी अंडी घालते आणि पिलं बाहेर पडेपर्यंत त्यांवर बसून राहते.

सुट्टीत हे आज्जीला सांगितलं. ती माळ हातात घेऊन बराच वेळ कवड्या चाचपत राहिली. मग म्हणाली, "म्हंजी ही बी लेकुरवाळीच की." प्राणिशास्त्राच्या कुठल्याच पुस्तकात मला याहून नेमकं वाक्य मिळालं नाही.

कवडीच्या पैसा असण्याची गोष्ट मला फार पुढं कळली. भास्कराचार्यांच्या 1150 सालच्या 'लीलावती'त आरंभीच हिशेब दिला आहे: वीस वराटक, म्हणजे कवड्या, मिळून एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म. म्हणजे एका द्रम्माला 1280 कवड्या. हा पैसा मुख्यतः मालदीवहून येई. चौदाव्या शतकात तिथं काझी असलेल्या इब्न बतूतानं लिहून ठेवलं आहे की, लोक समुद्रातून हे जीव गोळा करून खड्ड्यात टाकत. मांस सडून गेलं की पांढरा शिंपला उरे. चार लाख कवड्यांना सोन्याचा एक दिनार मिळे. बंगालचे व्यापारी तांदूळ देऊन कवड्या नेत. पुढं डच आणि इंग्रज कंपन्यांच्या जहाजांतून त्या युरोपात आणि तिथून पश्चिम आफ्रिकेत गेल्या. तिथं त्या मोजून माणसं विकत घेतली गेली. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला. ज्या शिंपल्यानं कुणाच्या पायात बेड्या घातल्या, तोच आमच्या आज्जीसारख्या भूमिहीन बाईच्या गळ्यात असला की गावचा पाटीलही तिच्या पायावर डोकं ठेवी. बाजारातली कवडीची किंमत केव्हाच संपली. आराधणीच्या गळ्यातला तिचा मान मला त्या सगळ्या व्यापारापेक्षा मोठा वाटतो.

आज्जी गेल्यावर माळ आईकडं आली. दोरा जीर्ण होऊन तुटला, तेव्हा आम्ही ती नव्यानं ओवली. कवड्या जशाच्या तशा होत्या.

आता आपल्याकडच्या शाळांच्या सहली गणपतीपुळ्याला, मालवणला जातात. कोकणच्या किनाऱ्यावरही कवडीच्या काही जाती आहेत. ओहोटीच्या वेळी खडकाच्या कपारीत ओली, पडद्यात गुरफटलेली कवडी दिसली तर ती उचलू नका, पोरांनाही उचलू देऊ नका. दगड उलटला असेल तर होता तसा ठेवा. त्याच्या खाली ती अंड्यांवर बसलेली असू शकते. आणि देवीसाठी नवी माळ घ्यायच्या आधी घरातली जुनी काढून बघा. बहुतेक वेळा फक्त दोराच बदलावा लागतो.