पाच मनोरे आणि माझी लाल फुली



मुलाचं उत्तर तुमच्या उत्तराशी जुळलं नाही, तर तुम्ही काय करता? मी काय केलं ते सांगते.

रत्नागिरीतल्या आमच्या वर्गात एकदा फळ्यावर मुंबई-गोवा महामार्ग काढला. चिपळूण, संगमेश्वर, हातखंबा, लांजा, राजापूर. प्रत्येक ठिकाणी रेडिओचा एक मनोरा आहे असं मानायचं आणि त्याला क्रमांक द्यायचा. नियम दोनच. शेजारच्या मनोऱ्यांच्या क्रमांकांत निदान २ चा फरक हवा, नाहीतर आवाज एकमेकांत मिसळतील. एक सोडून पुढच्या मनोऱ्याचा क्रमांक वेगळा हवा. त्यापलीकडे तोच क्रमांक पुन्हा चालेल. १ पासून सुरुवात करून कमीत कमी कितीपर्यंत जावं लागेल?

माझं उत्तर तयार होतं: १, ३, ५, १, ३. एका मुलीने लिहिलं ३, १, ५, २, ४. मी घाईत लाल फुली मारली. ती हळूच म्हणाली, "बाई, कुठला नियम मोडला?" तपासलं. एकही मोडला नव्हता! सगळ्यांसमोर फुली खोडली आणि "माझं चुकलं" म्हटलं.

लगेच मागून प्रश्न आला, "बाई, ४ पर्यंतच्या आकड्यांत नाही का जमणार?" नुसतं "नाही" म्हणून मोकळी झाले असते. पण आता कारण द्यायलाच हवं होतं. म्हटलं, १ ते ४ मध्ये कोण कोणाशेजारी बसू शकतं ते लिहा. १-३, १-४, २-४. संपलं! म्हणजे ३ ला १ हा एकच शेजारी, २ ला ४ हा एकच. सर्वांत लांब रांग ३, १, ४, २. पुढे पुन्हा ४ च येणार, आणि तो एक सोडून मागे आहेच. चार मनोरे जमतात, पाचवा नाही. हे मुलांनीच शोधलं.

गणितात याला आलेखाच्या शिरोबिंदूंचं अंतराच्या अटीने केलेलं रंगकाम म्हणतात. इथे रंगांऐवजी आकडे. ग्रिग्ज आणि ये यांचा यावरचा शोधनिबंध १९९२ चा. गंमत म्हणजे रस्ता कितीही लांबवा, किंवा टोकं जोडून गोल करा, ५ पर्यंतचे आकडे पुरतात.

आज घरी पाच गोल काढून मुलांना हे द्या. आणि फुली मारण्याआधी विचारा: नियम कुठला मोडला?