घोळक्यातील चुरस

वाचकहो, 'चुरस' हा शब्द आपल्या किती परिचयाचा आहे! निवडणूक असो, कबड्डीचा सामना असो वा शाळेतील वक्तृत्वस्पर्धा असो, निकाल थोडक्या फरकाने लागला की ती चुरशीची झाली असे आपण म्हणतो. आणि चुरशीची झाली म्हणजे चांगली झाली, हेही मनोमन धरून चालतो. फरक जितका कमी तितकी स्पर्धा सरस, असे हे साधे गणित आहे. ते सर्वत्र खरे ठरते काय, हा प्रश्न माझ्या मनात ज्या खेळामुळे उभा राहिला तो आपल्या देशापासून फार दूरचा आहे. अमेरिकेतील 'स्टॉक कार' मोटारींच्या शर्यती हा तो खेळ.

भाषांतर हा माझा नित्याचा व्यवसाय. या शर्यतींविषयी इंग्रजीत वाचताना 'पॅक' हा शब्द पुनःपुन्हा आढळतो. लांडग्यांच्या टोळीलाही इंग्रजीत हाच शब्द आणि पत्त्यांच्या कॅटलाही हाच. मराठीत त्यास काय म्हणावे? 'कळप' म्हणावे तर गाईगुरांचा संथपणा येतो; 'थवा' म्हणावे तर पाखरांचा मोकळेपणा येतो; 'टोळी' म्हणावे तर संगनमताचा वास येतो. अखेर मी 'घोळका' हा शब्द पसंत केला. घोळक्यात माणसे एकत्र असतात, परंतु एकमेकांची नसतात. हा शब्द येथे किती यथार्थ आहे, ते पुढे आपल्या ध्यानी येईलच.

प्रथम या खेळाची थोडी ओळख करून देणे अवश्य आहे. 'स्टॉक' म्हणजे दुकानात विकावयास ठेवलेला माल. सामान्य गिऱ्हाईक विकत घेते तशाच मोटारी आरंभी या शर्यतींत धावत असत, म्हणून हे नाव पडले. आज मात्र त्या केवळ शर्यतीसाठीच बांधतात. या शर्यती भरविणारी 'नॅस्कार' ही संस्था १९४८ साली फ्लॉरिडा राज्यातील डेटोना बीच येथे स्थापन झाली. १९५९ साली तेथे सुमारे चार किलोमीटर लांबीचा भव्य मार्ग तयार झाला. त्याची वळणे ३१ अंशांनी तिरपी आहेत, म्हणजे जणू घराचे उतरते छप्परच. याच मार्गावरील पहिल्या ५०० मैलांच्या शर्यतीत दोन गाड्या इतक्या बरोबरीने आल्या, की छायाचित्रे आणि चित्रफिती तपासून ली पेटी यास विजयी ठरविण्यास तीन दिवस लागले.

दुसऱ्याच वर्षी, १९६० साली, ज्युनियर जॉन्सन नावाच्या चालकास एक मौजेचा शोध लागला. त्याची शेव्हरले गाडी इतरांच्या पॉन्टियाक गाड्यांपेक्षा मंद होती. परंतु वेगवान गाडीच्या अगदी पाठीशी राहिले असता आपणही तिच्याच वेगाने जातो, असे सरावात त्याच्या लक्षात आले. पुढची गाडी हवा कापते. तिच्या मागे विरळ हवेची पोकळी निर्माण होते. त्या पोकळीत मागची गाडी ओढल्यासारखी चालते. एवढ्यावरच हे थांबत नाही. मागच्या गाडीमुळे पुढच्या गाडीवरील हवेचा मागचा ओढाही कमी होतो, आणि दोघी मिळून एकटीपेक्षा अधिक वेगाने धावतात. या युक्तीच्या बळावर जॉन्सनने मंद गाडीतून ती शर्यत जिंकली. येथवर ही बुद्धीची करामत होती, आणि तिचे कौतुकच केले पाहिजे.

घोळक्याचा जन्म मात्र निराळ्या कारणाने झाला. १९६९ साली अलाबामा राज्यात टॅलाडेगा येथे याहूनही मोठा, सव्वाचार किलोमीटरचा आणि ३३ अंशांच्या वळणांचा मार्ग खुला झाला. तेथे वेग वाढत वाढत १९८७ साली बिल एलियट याने ताशी ३४२ किलोमीटरांचा पात्रता-फेरीचा विक्रम केला. त्याच शर्यतीत बॉबी ॲलिसन याच्या गाडीचे चाक फुटले, गाडी हवेत उडाली आणि प्रेक्षकांपुढील तारेच्या कुंपणावर आदळून तिने ते फाडले. काही प्रेक्षक जखमी झाले. गाडी संपूर्ण आत शिरली असती तर काय झाले असते, याची कल्पनाही करवत नाही. बॉबीचा मुलगा डेव्ही याच शर्यतीत त्याच्या पुढे धावत होता. त्या दिवशीचा विजेता तोच ठरला.

वेगास आळा घालणे प्राप्तच होते. १९८८ पासून डेटोना व टॅलाडेगा या दोन मार्गांवर कार्बोरेटरखाली चार भोकांची एक धातूची पातळ चकती बसविणे सक्तीचे झाले. हवा कमी मिळाली की इंजिनाची ताकद घटते, हे त्यामागील साधे तत्त्व. २०१९ साली त्या चकतीची जागा दुसऱ्या एका भागाने घेतली. काम तेच राहिले. उपाय सद्हेतूने योजलेला होता, परंतु त्याचा एक परिणाम असा झाला, की खेळाचे स्वरूपच पालटले.

ते कसे, पाहा. इतर मार्गांवर वळण आले की चालकास पाय उचलावा लागतो. किती उचलावा, केव्हा उचलावा, टायर किती जपावे, गाडी घसरू लागली तर कशी सावरावी, यांत चालकाचे कसब दिसते आणि गाड्यांमध्ये हळूहळू अंतर पडत जाते. येथे ताकद कमी आणि वळणे तिरपी. त्यामुळे संपूर्ण फेरीत पाय उचलण्याचे कारणच उरले नाही. सर्वांचेच पाय तळाला टेकलेले! मग एकमेकांपासून दूर जाणार कोण आणि कसे? जो रांगेतून एकटा बाहेर पडेल त्यास हवा अडविते आणि तो मागे पडतो. म्हणून चाळीसएक गाड्या दोन-तीन रांगांत, परस्परांपासून हातभर अंतरावर, ताशी तीनशे किलोमीटरांच्या वेगाने तासन् तास एकत्र धावत राहतात. हाच तो घोळका.

पाहणाऱ्यास हे दृश्य विलक्षण वाटते, यात शंका नाही. २०१० च्या एप्रिलमध्ये टॅलाडेगा येथे एकाच शर्यतीत आघाडी ८८ वेळा बदलली आणि २९ चालकांनी ती कधी ना कधी भोगली. अटलांटा येथील मार्ग २०२२ साली नव्याने बांधल्यावर तेथेही घोळका धावू लागला. २०२४ च्या फेब्रुवारीत तेथे तीन गाड्या खांद्याला खांदा लावून अंतिम रेषेवर आल्या. विजेता डॅनियल सुआरेझ आणि दुसरा यांत ०.००३ सेकंदाचे, तर विजेता आणि तिसरा यांत ०.००७ सेकंदाचे अंतर होते. आपली पापणी लवण्यास यापेक्षा कितीतरी अधिक वेळ लागतो!

घोळक्याच्या बाजूने आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, आणि ती मला महत्त्वाची वाटते. येथे लहानांना संधी मिळते. २०२१ च्या डेटोना शर्यतीत मायकल मॅक्डॉवेल नावाचा लहानशा संघाचा चालक पहिला आला. त्याची ही ३५८ वी शर्यत होती आणि पहिलाच विजय. अखेरच्या फेरीत पुढे धावणाऱ्या, एकाच संघाच्या दोन गाड्या परस्परांना भिडल्या, आणि मधून वाट काढून हा गृहस्थ पुढे गेला. चौदा वर्षे हात पुसत परतणाऱ्या माणसास एके दिवशी यश लाभते, हे ऐकून कोणास आनंद होणार नाही? शिवाय घोळक्यात कसब मुळीच नसते, असेही नव्हे. डेल अर्नहार्ट हा चालक टॅलाडेगा येथे दहा वेळा जिंकला. २००० सालच्या तेथील शर्यतीत अवघ्या पाच फेऱ्या उरल्या असता तो अठरावा होता. तेथून तो पहिला आला. त्यास हवा दिसते, असे लोक म्हणत. डेनी हॅमलिन याने डेटोनाची मुख्य शर्यत २०१६, २०१९ आणि २०२० अशी तीनदा जिंकली. निव्वळ सोडतीत एकाच माणसाचे नाव इतक्या वेळा निघत नाही.

तरीही, वाचकहो, माझे मन या शर्यतीस उत्तम स्पर्धा म्हणण्यास राजी होत नाही. उत्तम स्पर्धेची माझी कसोटी विजेत्यापाशी नाही, पराभूतापाशी आहे. हरलेल्या माणसास आपण का हरलो हे सांगता आले पाहिजे. 'माझे टायर लवकर झिजले', 'त्याने वळण माझ्यापेक्षा चांगले घेतले', 'मी घाई केली', असे काहीतरी उत्तर त्याच्यापाशी असेल, तर पराभवातूनही तो काही शिकून घरी जाईल. आता २०२४ च्या ऑक्टोबरमधील टॅलाडेगा आठवा. शर्यत संपत आली असता पुढे एकास धक्का लागला आणि पाठोपाठ २८ गाड्या एकमेकींवर आदळल्या. नॅस्कारच्या मुख्य मालिकेत इतक्या गाड्यांच्या अपघाताची नोंद पूर्वी कधी झाली नव्हती. त्यांतील विसाव्या क्रमांकावरच्या चालकाने काय चुकविले होते? काहीच नाही. तो त्या क्षणी तेथे होता, एवढाच त्याचा अपराध. अशा अपघातास तेथील लोकांनी 'बिग वन', म्हणजे 'तो मोठा', असे नाव देऊन ठेवले आहे. ज्याची वाट पाहिली जाते त्यासच आपण नाव ठेवतो, नाही का?

दुसरीही एक विसंगती अलीकडे दिसू लागली आहे. २०२२ साली आलेल्या नव्या बनावटीच्या गाड्यांना घोळक्यात पुढे सरकणे इतके दुष्कर झाले आहे, की इंधन भरण्याच्या थांब्यावर चार क्षण वाचवून पुढे जाणे हाच सोपा मार्ग उरला. त्यासाठी इंधन कमी जाळावयाचे, आणि त्यासाठी सर्वांनीच मुद्दाम मंद चालावयाचे! जगातील अत्यंत वेगवान मार्गांपैकी एकावर चालक हलक्या पायाने रांगेत चालले आहेत, यास शर्यत म्हणावे की मिरवणूक?

आणि धोक्याचे काय? १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोना येथे, अखेरच्या फेरीच्या अखेरच्या वळणावर, तोच अर्नहार्ट भिंतीवर आदळून मरण पावला. त्याच्याच संघाचा मायकल वॉल्ट्रिप त्या वेळी आपला पहिला विजय मिळवीत होता, ४६३ व्या शर्यतीत. आणि दुसऱ्या क्रमांकावर अर्नहार्टचा मुलगा होता. त्यानंतर मान आणि डोके सांभाळणारे साधन सक्तीचे झाले, भिंतींना धक्का शोषणारी आवरणे बसविली गेली आणि गाड्या पुष्कळ सुरक्षित झाल्या. त्याचे फळ २०२० साली दिसले. त्याच मार्गावर रायन न्यूमन याची गाडी उलटून पेटली, हजारो लोकांनी श्वास रोखले. आणि दोनच दिवसांनी तो आपल्या दोन लहान मुलींचे हात धरून रुग्णालयातून चालत बाहेर आला. ते छायाचित्र पाहून मला फार बरे वाटले. पण मनात हेही आले, की त्या मुलींच्या बापाने त्या फेरीत कोणतीही अविचारी गोष्ट केली नव्हती. तो आघाडीवर होता, आणि मागून धक्का लागला. धोका पत्करणे हा शूराचा हक्क आहे. परंतु शौर्याने टाळता येत नाही आणि कौशल्याने कमी करता येत नाही, असा धोका केवळ प्रेक्षकांच्या रंजनासाठी वाढवून ठेवणे, ही गोष्ट निराळी.

मग घोळका नसेल तर चुरसही जाईल काय? या प्रश्नाचे उत्तर त्या खेळानेच दिले आहे. नॅस्कारच्या मुख्य मालिकेतील सर्वांत कमी अंतराचा निकाल ना डेटोनाचा, ना टॅलाडेगाचा. तो ५ मे २०२४ रोजी कॅन्सस येथे लागला. त्या मार्गावर असा घोळका बनत नाही. तेथे काइल लार्सन याने क्रिस बुशर यास ०.००१ सेकंदाने मागे टाकले. त्यापूर्वी २००३ साली साउथ कॅरोलायना राज्यातील डार्लिंग्टनच्या अंड्याच्या आकाराच्या जुन्या मार्गावर रिकी क्रेव्हन आणि कर्ट बुश यांची झुंज झाली. टायर झिजलेले, गाड्या घसरताहेत, एकाने पुढे जावे, दुसऱ्याने त्यास गाठावे. अखेरीस दोन्ही गाड्या एकमेकींना घासत, धूर काढीत रेषेवर आल्या, आणि क्रेव्हन ०.००२ सेकंदाने जिंकला. हे अंतर नियमाने जुळवून आणलेले नव्हते. दोन माणसांनी आपापल्या परीने सर्वस्व ओतले, आणि त्यांचे सर्वस्व जवळजवळ सारखे भरले.

आपल्या घरांतही हा विचार उपयोगी पडेल, असे मला वाटते. आपली मुले मोठमोठ्या परीक्षांना बसतात. एका गुणाच्या आत शेकडो मुले दाटीने उभी असतात, आणि आपण म्हणतो, 'काय जबरदस्त चुरस!' पण गुण जवळजवळ आले, एवढ्यावरून परीक्षेने योग्यता नेमकी मोजली असे सिद्ध होत नाही. कधी कधी परीक्षाच अशी असते, की सर्वांचे पाय तळाला टेकतात आणि कोणाचेच कसब दिसत नाही. तेथे मागे राहिलेल्या मुलास 'तू कमी पडलास' असे म्हणण्यापूर्वी त्याचे नेमके काय कमी पडले, हे आपणांस सांगता येते का, ते पाहावे.

माझा निवाडा असा: वर्षाच्या ३६ शर्यतींत चार-सहा शर्यती घोळक्याच्या असाव्यात. त्यांत मौज आहे, लहानांस आशा आहे, आणि हवेची चाल ओळखणाऱ्या थोड्या गुणवंतांस वावही आहे. परंतु वर्षातील सर्वश्रेष्ठ कोण हे ठरविण्याचे काम त्यांच्यावर सोपवू नये. आपण मात्र माझा शब्द प्रमाण मानू नका. रविवारी सवड मिळाली, तर मुलांना जवळ घेऊन २०२४ च्या अटलांटाची अखेरची फेरी पाहा, आणि मग २००३ च्या डार्लिंग्टनच्या अखेरच्या दोन फेऱ्या पाहा. दोन्ही पाहून झाल्यावर मुलांना कोण जिंकला ते विचारू नका. दुसरा आलेला का हरला, एवढेच विचारा. ज्या शर्यतीविषयी ती उत्साहाने उत्तर देऊ लागतील, ती शर्यत उत्तम.