दिवाळीनंतरचा वर्ग

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडते, तेव्हा पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडच्या कोरडवाहू गावांत परिपाठाची रांग आखूड झालेली असते. घंटा तीच, राष्ट्रगीत तेच, पण पुढे उभं राहून प्रतिज्ञा सांगणारा मुलगा बदललेला असतो, कारण आधीचा आईवडिलांबरोबर ऊसतोडीच्या फडावर गेलेला असतो. सकाळी चांगला गारठा पडतो. शिवारात शाळू गुडघ्याला लागलेला असतो. गावात एकाआड एका घराला कुलूप, ओट्यावर म्हातारी माणसं, आणि पारावर बोलायला कुणी नाही. उरलेली मुलं शेवटी पसायदान म्हणतात. ज्या नेवाशात शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली, ते नेवासे शेवगावला लागूनच आहे. सगळ्या जगासाठी केलेलं ते मागणं अर्ध्या रांगेच्या तोंडून ऐकताना माझा जीव नेहमीच कासावीस झाला आहे.

ऊसतोडीला जाणारं जोडपं मुकादमाच्या हिशेबात एक कोयता धरलं जातं. उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम, पावसाळ्यातच घेतलेली असते आणि घराच्या डागडुजीत, आजारपणात, लग्नात ती संपलेलीही असते. दसरा-दिवाळीच्या सुमाराला ट्रक येतो. त्यात कोपीचं, म्हणजे फडावरच्या झोपडीचं सामान, भांडी, बाजरीचं पोतं, एखादी शेळी चढते आणि वर मुलं बसतात. मुलाचं नाव शाळेच्या हजेरीपटावर राहतं आणि मूल तिथे नसतं. मूल फडावर असतं आणि मुकादमाच्या वहीत त्याचं नाव नसतं. नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल, म्हणजे शाळेच्या वर्षाचा चांगला अर्धा भाग, हे मूल कुठल्याच कागदावर धड सापडत नाही.

नगर जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सगळ्यांत मोठा, सुमारे 17 हजार चौरस किलोमीटरचा. त्याची दोन टोकं एकमेकांना ओळखत नाहीत असं वाटावं इतकी वेगळी आहेत. उत्तरेला प्रवरा-गोदावरीचे पाट, 1926 साली पुरं झालेलं भंडारदऱ्याचं धरण, लोणीला 1950 साली उभा राहिलेला विठ्ठलराव विखे पाटलांचा सहकारी साखर कारखाना, आणि त्या साखरेच्या पैशातून आलेल्या शाळा, महाविद्यालयं, दवाखाने. दक्षिणेला सह्याद्रीच्या आडोशाचा तोकडा पाऊस आणि माळरानं. उत्तरेचा ऊस तोडायला दक्षिणेचे हात लागतात. त्यामुळे पाथर्डीचं मूल कधी थेट कोल्हापूर-कर्नाटकात जातं, तर कधी आपल्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, एखाद्या देखण्या शाळेच्या नजरेच्या टप्प्यात, पाचटाच्या कोपीत बसून धाकट्या भावंडाला सांभाळत असतं. अशा मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, काही चांगल्या चालल्या, काही पत्र्याच्या खोलीपुरत्या राहिल्या. आता गावातच मुलं राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना आहे. शाळा किंवा गावातली एखादी बाई दोन वेळचं जेवण करते आणि मूल रात्री आजीजवळ झोपतं. नीट चालली तर ही योजना मुलाचं वर्ष वाचवते, हे मी पाहिलेलं आहे.

मागे राहिलेल्या या मुलांचा स्वभाव बघता बघता बदलतो. दहा-अकरा वर्षांचा मुलगा आजीच्या गोळ्यांची वेळ लक्षात ठेवतो, शेळीला पाला आणतो, किराणा दुकानात उधारी किती झाली ते तोंडपाठ सांगतो, फोनवर आईला ‘सगळं बरं आहे’ म्हणतो आणि नंतर कोपऱ्यात जाऊन रडून येतो. वर्गात तो फार बोलत नाही. पण मैदानावर भांडण लागलं तर सोडवायला तोच पुढे. त्याच्या प्रगतिपुस्तकात यातलं काही लिहिलेलं नसतं, कारण असल्या वागण्याला तिथे रकाना नाही.

या भागात शिकवत असताना मला निबंधाच्या वह्यांनी फार शिकवलं. ‘माझी शाळा’ हा विषय दिला की सगळ्या वह्यांत एकच मजकूर यायचा: शाळेची इमारत भव्य, पुढे सुंदर बाग, शिक्षक प्रेमळ. इमारत दोन खोल्यांची, बाग नाही, तरी बाग लिहिलेली. मार्गदर्शकातून उतरवलेलं ते वाक्य बरोबर मानून आम्ही खाली सही करायचो. मग एकदा सांगितलं की पुस्तकातलं काही नको, काल सकाळपासून काय काय पाहिलं ते लिहा. त्या वह्यांमध्ये सगळं गाव उतरलं होतं. हातपंपावर कुणाची घागर बाजूला सारली गेली. मुक्कामाची एसटी आली नाही तेव्हा बाई कुणाच्या घरी थांबल्या आणि कुणी त्यांना दशम्या करून दिल्या. दारू पिऊन आलेल्या माणसाला पारावरचे लोक हसले आणि त्याचा मुलगा तिथेच उभा होता. फडावरून परतलेल्या मुलींनी लिहिलं ते पहाटे तीनला भरायच्या गाडीबद्दल, थंडीत फुटलेल्या बोटांबद्दल, दुरून दिसणाऱ्या कारखान्याच्या दिव्यांबद्दल. एकीने तर बैलाचं दुखणं इतक्या मायेने लिहिलं होतं की ती वही मला कितीतरी वेळ खाली ठेववेना.

फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात सुविचार लिहिला आणि परिपाठात तो म्हणून घेतला की मुलांवर संस्कार होतात, अशी आपली भाबडी समजूत आहे. छोट्या गावात मूल सुविचार वाचत नाही, ते माणसं वाचतं. शहरात वडील कुठे काय करतात हे मुलाच्या वर्गाला ठाऊक नसतं. इथे मात्र कोण कुणाचं, कुणाचा बांध कुणी कोरला, कुणी कुणाचे पैसे बुडवले, हे पहिलीच्या वर्गालाही माहीत असतं. मास्तर वेळेवर येतात का, खिचडी वाढताना कुणाच्या ताटात हात आखडतो, यातून मूल आपलं मत बनवत असतं. ते मत कुणी विचारत नाही, एवढंच.

विचारलं तर काय होतं, याचा दाखला आपल्याच भाषेत आहे आणि त्याची एक मुळी नगरमध्ये आहे. 1848 साली जोतीराव फुले नगरला आले आणि अमेरिकन मिशनच्या मिस सिंथिया फॅरार यांची मुलींची शाळा त्यांनी पाहिली. त्याच वर्षी पुण्यात त्यांनी मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे घेतले तेही नगरला, फॅरारबाईंच्याच हाताखाली. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे नावाच्या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 1855 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. हे ‘ज्ञानोदय’ 1842 साली निघालं ते नगरमधून. शाळेत जाऊन तीनेक वर्षं झालेल्या त्या पोरीने आपल्या लोकांचा कसा छळ झाला ते लिहिलं, धर्माच्या नावाने आपल्याला बाहेर ठेवणाऱ्यांना जाब विचारला, आणि बाळंत होणाऱ्या आयांच्या डोक्यावर छप्परही नसतं, थंडीपावसात त्यांचे काय हाल होतात, हेही सांगितलं. ऊसतोड करणाऱ्या बायांची बाळंतपणं फडावर, कोपीत होतात, हे आपण आजही वाचतो. मुक्ताने जे पाहिलं ते लिहिलं, तिच्या गुरुजींनी ते खोडलं नाही, आणि एका पत्राने ते छापलं. या तिन्ही गोष्टी घडल्या म्हणून तो निबंध आपल्यापर्यंत पोचला.

याच जिल्ह्यातल्या दोन गावांनी आपल्या वागण्याचा धडा मुलांपुढे ठेवला. राळेगणसिद्धीत 1971 साली 1,209 लोकवस्तीत लिहितावाचता येणाऱ्या बाया होत्या 72. मुलगे पुढच्या शाळेसाठी शिरूर-पारनेरला जात, मुली घरी राहत. 1979 साली गावाने आपली माध्यमिक शाळा काढली, तिच्या मान्यतेसाठी अण्णा हजारे उपोषणाला बसले, आणि इमारतीसाठी गावकऱ्यांनी श्रमदान केलं. 1982 मध्ये गावातली पहिली मुलगी दहावी झाली. पुढे या शाळेने बाहेर नापास झालेल्या, कुणी दारात उभं न केलेल्या मुलांना आवर्जून प्रवेश दिला. अण्णांच्या राजकारणाबद्दल कुणाचं काहीही मत असो, नापास पोराला ‘ये, बस’ म्हणणारी शाळा ही मला त्या गावाची सगळ्यांत मोठी कमाई वाटते. हिवरे बाजारचीही गोष्ट अशीच. 1989 साली पोपटराव पवार सरपंच झाले तेव्हा तिथली बदली म्हणजे सरकारी नोकराला शिक्षा समजली जाई. गावाने सुरुवातीच्या कामांत शाळा घेतली. पुढे पाऊस आणि विहिरी मोजून पाण्याचा ताळेबंद सगळ्यांसमोर मांडायची रीत पडली, आणि पाऊस कमी झाला तर कुठलं पीक घ्यायचं नाही हे गाव एकत्र बसून ठरवू लागलं. मोठी माणसं स्वतःला आवर घालतात हे तिथल्या मुलांनी डोळ्यांनी पाहिलं. नागरिकशास्त्राच्या तासाला याहून जास्त काय शिकवणार?

पण पाथर्डीकडे हंगामात अर्धं गाव फडावर असतं, तिथे सगळं गाव एकत्र मिळणंच अवघड. आणि या स्थलांतराची सर्वांत मोठी किंमत मुली देतात. वयात आलेली पोर मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची, या धास्तीने सातवी-आठवीतच तिचं लग्न उरकलं जातं, आणि पुढच्या हंगामाला तीच नवऱ्याबरोबर एक नवा कोयता होऊन फडावर उभी राहते. बैलावर इतकं सुंदर लिहिणाऱ्या मुलीची वही अशीच मध्ये थांबते. आता या जिल्ह्याला अहिल्याबाईंचं नाव मिळालं आहे. त्या 1725 साली जन्मल्या त्या चोंडीत, म्हणजे याच दुष्काळी जामखेड तालुक्यात, आणि वडील माणकोजी शिंद्यांनी त्यांना त्या काळात लिहायला-वाचायला शिकवलं. एका खेड्यातल्या बापाने लेकीला अक्षर दिलं, त्या अक्षराच्या पुण्याईवर हा जिल्हा आज आपलं नाव मिरवतो. मग त्याच तालुक्यात मुलींच्या वह्या कोऱ्या राहत असतील, तर ते नाव आपण अजून कमावलेलं नाही, असं मी स्पष्ट म्हणेन.

शिक्षकांना आणि सरपंचांना माझी एक विनंती आहे. मुलांना त्यांनी पाहिलेलं गाव लिहू द्या, त्यातलं बोचरं वाक्य खोडू नका, नावं तेवढी झाका, आणि ते निबंध ग्रामसभेत वाचा. 26 जानेवारीच्या ग्रामसभेला अर्धं गाव उसात असतं, तेव्हा नको. 15 ऑगस्टला वाचा. त्या दिवशी बाजरी शिवारात असते, कोयते घरात असतात, आणि पुढच्या हंगामाला पोरांना न्यायचं की ठेवायचं हे आईबापांनी अजून पक्कं केलेलं नसतं.