वहिनींस पत्र : शेंडा कुठे कापावा?

खोपोली,
वैशाख

ती. वहिनी,


पत्र मिळालं. अंगणातली पाचही झाडं ‘दहा फुटांवर सपाट’ करून देतो आणि लाकूड मीच नेतो, असं तो माणूस म्हणतोय. त्याला तूर्त नाही म्हणून सांगा. तुमची भीती खोटी नाही. 3 जून 2020 ला निसर्ग वादळाने रायगडात किती झाडं आणि विजेचे खांब आडवे केले, ते आपण पाहिलंच. तेव्हापासून घराशेजारचं उंच झाड म्हटलं की पोटात गोळा येतो. पण सपाट केलेलं झाड काही वर्षांत पुन्हा तेवढंच उंच होतं, आणि आधीपेक्षा जास्त धोक्याचं.

याचा पुरावा आपल्या वरकस जमिनीवरच उभा आहे. तिथलं ऐनाचं झाड आठवा. शेण, टहाळे, गवत, वर माती असे थर देऊन पावसाआधी राब भाजायचा आणि त्या जागेवर भाताची रोपं करायची, ही कर्जत-खालापूरची जुनी रीत. त्यासाठी दरसाल ऐनाचं कवळ, म्हणजे पाल्यासकट टहाळे, तोडलं जाई. ही गरज इतकी मोठी होती की जंगल खात्याने तोडीवर बंधनं आणली तेव्हा ठाणे-कुलाबा जिल्ह्यांत तक्रारी उठल्या, आणि 1885 साली नेमलेल्या मुंबई वन आयोगापुढे राब हा एक मुख्य प्रश्न होऊन बसला. आता कवळ काढलेला ऐन कसा दिसतो? सरळ खांब, आणि त्यावर जागोजाग फुटव्यांचे झुपके. शेतकऱ्याला तेच हवं होतं, कारण जितकी तोड तितका पाला. तोच कोयता अंगणातल्या झाडावर चालवला तरी पालाच वाढणार. आपल्याला पाला नको आहे, उंची कमी हवी आहे. काम वेगळं, म्हणून कापही वेगळा हवा.

शेंड्याचा कोंब जिवंत असतो तोवर खालचे डोळे दबून राहतात. शेंडा उडवला की दडलेले सगळे डोळे एकदम फुटतात. हे फुटवे सरळसोट वर धावतात. त्यांचा जोड वरवरच्या थरातला असतो, मूळ फांदीसारखा लाकडात खोल गेलेला नसतो. त्यातच खालचा ठोंब वरून पाणी पिऊन कुजत जातो. कर्जतला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तेव्हा कुजायला वेळ लागत नाही. मग फुटवे जाड झाले की जोराच्या वाऱ्यात बुडापासून फाटतात. शिवाय सावलीत वाढलेली साल एकाएकी उघडी पडली की चैत्रातल्या उन्हाने भाजून तडकते.

म्हणून उंच फांदी मधेच तोडायची नाही. ती खालच्या एखाद्या बाजूच्या फांदीपर्यंत मागे न्यायची. ही राखायची फांदी कापलेल्या फांदीच्या निदान एक-तृतीयांश जाडीची हवी. तेवढी असली तर पुढचा शेंडा तीच होते आणि बाकीचे डोळे शांत राहतात. एका वर्षात हिरव्या पाल्याचा चौथा हिस्सा काढला तरी पुष्कळ झालं. उरलेलं पुढच्या साली.

जाड फांदी तीन कापांत उतरवायची, नाहीतर ती पडताना खोडाची साल ओरबाडत नेते. पहिला काप खोडापासून फूटभर अंतरावर, खालून वर, तिसऱ्या हिश्शापर्यंत. दुसरा त्याच्या थोडा पुढे, वरून. यात फांदी सुटते. तिसरा उरलेल्या ठोंबाचा. फांदी खोडाला मिळते तिथे सालीची फुगीर वळी दिसते. ती राखून तिच्या लगेच बाहेर कापायचं. ठोंब ठेवायचा नाही आणि वळीही तासायची नाही. अमेरिकेच्या वन खात्यातल्या ॲलेक्स शिगो यांनी हजारो झाडं चिरून पाहिली आणि दाखवून दिलं की झाडाची जखम भरून येत नाही. झाड कुजका भाग आतल्या आत भिंत घालून वेगळा पाडतं, आणि त्या कामात ही वळी मोलाची असते. नुसता रंग किंवा डांबर फासून कूज थांबत नाही, हेही त्यांचंच म्हणणं. आंब्याच्या मोठ्या कापावर मात्र आपल्याकडे बुरशीसाठी बोर्डो पेस्ट लावतात: मोरचूद एक किलो, चुना एक किलो, पाणी दहा लिटर. ती जरूर लावा, पण चुकीचा काप तिने सुधारत नाही.

आता एकेक झाड. नारळाला एकच कोंब असतो. तो दहा फुटांवर उडवला तर माड मेलाच. तिथे वाळलेल्या झावळ्या उतरवायच्या, एवढंच. फणस खोडाला आणि जाड फांद्यांना लागतो, म्हणून त्याचा वरचा पसारा थोडा थोडा उतरवला तरी फळाला फारशी तोशीस नाही. शेवगा ठिसूळ, पण कापल्यावर फुटणारा. शेंगा संपल्या की दरवर्षी कमरेएवढा ठेवून छाटला तरी चालतो. याच एका झाडापुरता तुमचा माणूस बरोबर आहे. जांभळाची छपरावर झुकलेली फांदी तेवढी मागे न्या.

राहिला आंबा. तो रायवळ आहे, उंच जाणं त्याच्या रक्तातच आहे. त्याला दहा फुटांवर आणण्याचा नाद सोडा. मधली एखादी उभी फांदी काढून आत ऊन येऊ द्या आणि छपराकडचा भार हलका करा. ज्या फांदीला हात लावाल तिचा पुढचा मोहर बुडेल, हे धरून चला. बुटकंच झाड हवं असेल तर परसात एक कलम लावा. ते गुडघ्याच्या थोडं वर आलं की शेंडा खुडा, चार दिशांना चार फांद्या राखा आणि दरवर्षी फळं उतरली की हलकी छाटणी करा. उंची लहानपणीच सहज आवरते.

पावसाआधी फक्त वाळलेल्या, तडकलेल्या आणि कौलांना टेकलेल्या फांद्या काढून घ्या, तेही घरटी आहेत का ते बघून. मोठे काप पाऊस उघडल्यावर, कोरड्या हवेत. तारेजवळच्या फांदीला गड्याला हात लावू देऊ नका, महावितरणला कळवा. आंबा, फणस, जांभूळ ही झाडं 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. सपाट करता करता झाड मेलं तर प्रश्न तुम्हाला विचारला जाईल, लाकूड नेणाऱ्याला नाही.

आणि मजुरी रोख द्या. लाकडावर सौदा केला की जास्त कापण्यातच त्याचा फायदा. गडी झाडावर चढण्याआधी तुम्ही खाली उभ्या राहून कुठली फांदी राहणार ते त्याला विचारा. त्याला सांगता आलं तर काम द्या.

कळावे,
आपला धाकटा दीर