पिवळी पट्टी

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून ओळखीपाळखीतले लोक घरचे जुने पीसी घेऊन माझ्या मागे लागलेत. "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस ना? मग जरा फॉरमॅट मारून दे की." सॉफ्टवेअरमध्ये असणं आणि फॉरमॅट मारता येणं यांचा काय संबंध, हे समजावणं मी केव्हाच सोडून दिलंय. पण प्रत्येकाला मी एक प्रश्न मात्र विचारतोच. डेटाची कॉपी काढलीस म्हणतोस, ती उघडून पाहिलीस का? लोकांना हा खडूसपणा वाटतो. वाटू दे. त्यामागे साक्रीची एक गोष्ट आहे.

मे २००७. मला पुण्यात नोकरी लागून जेमतेम वर्ष झालं होतं. म्हणजे अंगात मस्ती भरपूर आणि अक्कल बेताची. नानांचा फोन आला, "कॉम्प्युटर सारखा बंद पडतोय रे. लिहिता लिहिता निळा होतो." मी फोनवरच निदान करून टाकलं: व्हायरस. शुक्रवारी रात्री बॅगेत एक्सपीची सीडी टाकली (कुठली, ते विचारू नका), धुळ्याच्या एसटीत बसलो, आणि सकाळी धुळ्याहून पुढचे पन्नासेक किलोमीटर उभ्याने.

नाना प्राथमिक शिक्षक. रिटायर झाल्यावर त्यांनी अहिराणी शब्द आणि बायकांच्या तोंडच्या ओव्या गोळा करायला घेतल्या होत्या. कान नदीच्या अलीकडची-पलीकडची गावं, पिंपळनेरचा बाजार, लग्नघरं, जिथे म्हातारी बाई दिसेल तिथे वही काढून बसायचे. बहिणाबाईंची भाषा म्हणजेच अहिराणी, असं कोणी म्हणालं की चिडायचे. ती लेवा गणबोली, आपली वेगळी, म्हणून अर्धा तास व्याख्यान. हे सगळं ते शिवाजी फॉन्टमध्ये, एका बोटाने टाइप करत. तीन वर्षं चालू होतं. वह्या होत्या, पण टाइप करून झालं की वही रद्दीत. कॉम्प्युटरमध्ये गेलं म्हणजे पक्कं झालं, असा त्यांचा विश्वास. हा विश्वास त्यांना दिला कोणी? मीच.

तर कामाला लागलो. डेस्कटॉपवर 'अहिराणी' नावाचं फोल्डर दिसलं. ते आणि आणखी चार-पाच आयकॉन उचलून डी ड्राइव्हवर टाकले. सीडी घातली, निळा स्क्रीन आला, सी ड्राइव्ह निवडला, क्विक फॉरमॅट, एंटर. पिवळी पट्टी सरकायला लागली. तिसाच्या पुढे गेली आणि थांबली. अमुक फाइल कॉपी करता येत नाही. परत प्रयत्न करायचा तर एंटर दाबा. दाबला. पुन्हा तेच.

सीडी बनियनला पुसली. (हा आपल्याकडचा राष्ट्रीय उपाय आहे.) पुन्हा पहिल्यापासून. या वेळी पट्टी बारावरच अडकली, दुसऱ्याच फाइलवर. तिसऱ्या वेळी साठच्या आसपास, आणि तेवढ्यात वीज गेली. त्या वर्षांत लोडशेडिंगला वेळेचं बंधन नव्हतं. तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या गरगर फिरताहेत आणि आम्ही ओट्यावर पुठ्ठ्याने वारा घेतोय, हे दृश्य तेव्हा कोणालाच विचित्र वाटत नसे. पुढे २०१३ मध्ये तालुक्यात महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्पही आला. असो.

माय म्हणाली, "पहिले जेवी ले, मंग ते डबडं उघाड." जेवता जेवता डोकं चालायला लागलं. सीडीवर ओरखडा असेल तर गाडी दरवेळी एकाच फाइलवर अडायला हवी. इथे दरवेळी वेगळी जागा. म्हणजे सीडी बरोबर वाचली जातेय, पण वाचलेलं मध्येच कुठेतरी बिघडतंय. आणि सीडीतून हार्डडिस्कवर जाताना सगळं ज्या वाटेने जातं ती वाट म्हणजे रॅम. आधीच्या ५१२ एमबीपैकी निम्मी रॅम २००५ मध्ये वाढवून घेतली होती. दुकानाचं नाव सांगत नाही, वॉरंटीचा कागदही सापडला नव्हता.

त्या काळात उबुंटूची सीडी मागवली की चक्क फुकट पोस्टाने घरी यायची. २००५ पासून २०११ पर्यंत ही चैन चालली. ६.०६ ची एक माझ्या बॅगेत कायम असे, मुख्यतः मित्रांवर छाप पाडायला. तिच्या पहिल्याच मेनूत मेमरी टेस्ट होती. वीज आल्यावर ती लावली. दहा मिनिटांत स्क्रीनवर लाल ओळींचा पाऊस. नंतर वाढवलेली पट्टी काढली, जुनी एकटी ठेवली, पुन्हा टेस्ट: एकही लाल ओळ नाही.

मी उड्या मारायच्या बेतात होतो. मग लक्षात आलं की नाना ज्याला 'निळा होतो' म्हणत होते तेही याचमुळे. व्हायरस नव्हताच. फॉरमॅटची गरजच नव्हती. एक पट्टी उपसली असती तर काम दोन मिनिटांचं.

नाना मागे येऊन उभे राहिले. "माझं काम नीट आहे ना रे?" "आहे की, हे बघा," म्हणून मी त्याच सीडीवरून उबुंटू चालू केलं आणि कमांड देऊन डी ड्राइव्ह उघडला. 'अहिराणी' होतं. पण ते फोल्डर नव्हतं. एक किलोबाइटची एकुलती एक फाइल होती. शॉर्टकट. खरं फोल्डर माय डॉक्युमेंट्समध्ये, म्हणजे सी ड्राइव्हवर, जो मी सकाळपासून तीनदा फॉरमॅट केला होता. आयकॉनच्या कोपऱ्यातला तो छोटा बाण मी पाहिलाच नव्हता.

काय सांगावं कळेना. शेवटी जे झालं ते सांगितलं. नानांनी एकदाच विचारलं, "म्हणजे मी दारावरची पाटी उचलून दिली आणि घर पाडलं, असं?" मी म्हटलं, तुम्ही नाही, मी. ते काही बोलले नाहीत, बाहेर जाऊन नळाला पाणी आलं का बघायला लागले. नळाला पाणी संध्याकाळी यायचं, हे आम्हा दोघांना माहीत होतं.

एक आशा होती. क्विक फॉरमॅट म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडणं; पानं जागेवरच असतात, जोवर त्यांच्यावर दुसरं काही छापलं जात नाही. (एक्सपीचा मोठा फॉरमॅटसुद्धा पानं कोरी करत नसे, ते व्हिस्टापासून सुरू झालं.) आणि छापलं किती गेलं होतं? ती पिवळी पट्टी जिथवर सरकली तेवढंच. इन्स्टॉलेशन सुरळीत पार पडलं असतं तर मी वर ड्रायव्हर, ऑफिस, अँटीव्हायरस सगळं चढवून डिस्कवर गिगाबाइटच्या गिगाबाइट रोलर फिरवला असता. दिवसभर ज्या खराब रॅमला शिव्या घातल्या तिनेच हात धरला होता.

आता त्या डिस्कवर एक अक्षरही लिहायचं नव्हतं. ती काढली, मायच्या जुन्या नऊवारीत गुंडाळली आणि रविवारी रात्री पुण्यापर्यंत मांडीवर धरून आणली. रूमवर जंपर बदलून ती माझ्या पीसीला दुसरी डिस्क म्हणून जोडली आणि लिनक्सवरून फोटोरेक चालवलं. नाव फोटोचं असलं तरी हे डॉक फाइलीही शोधतं: अनुक्रमणिकेकडे न बघता थेट डिस्क चाळत जातं आणि फाइलची सुरुवातीची खूण दिसली की तिथून उचलतं. त्यामुळे फाइल मिळते, पण नाव मिळत नाही. नावाच्या जागी नुसता आकडा. पहाटेपर्यंत दोनशेच्या वर फाइली जमल्या. पहिली उघडली तर इंग्रजी अक्षरांची भेळ! पोटात गोळा आला. मग आठवलं, माझ्या मशीनवर शिवाजी फॉन्टच नाही. युनिकोड तेव्हा एक्सपीत होतं, पण नानांच्या बोटाला शिवाजीची सवय. फॉन्ट टाकला, फाइल पुन्हा उघडली.

आंडोर: मुलगा. आंडेर: मुलगी.

पहाटे पाचला फोन केला. नानांनी पहिल्या रिंगला उचलला.

सगळं परत आलं नाही. काही फाइली अर्ध्यात तुटलेल्या होत्या, आणि सुरुवातीच्या दिवसांतला ओव्यांचा एक मोठा भाग एक्सपीच्या कुठल्यातरी फाइलीखाली गेला. जे मिळालं त्याचे प्रिंट काढून साक्रीला पाठवले. नाना त्या पावसाळ्यात ओट्यावर बसून नाव नसलेली पानं लावत होते, कोणती ओवी कोणाची ते हस्ताक्षरात लिहीत. हरवलेल्यांपैकी बऱ्याच त्यांनी त्या त्या बायकांकडे पुन्हा जाऊन लिहून आणल्या. आमच्या गल्लीतल्या एका आजीच्या मात्र राहिल्या. आजी २००६ च्या हिवाळ्यात गेल्या होत्या.

पुढे मी सगळं युनिकोडमध्ये बदलून दिलं, तीन ठिकाणी कॉपी ठेवल्या, प्रत्येक उघडून पाहिली. नाना टाइप मात्र झाल्यावरही वही ठेवू लागले. त्या वहीत आजींच्या नावाखाली एक ते चौदा आकडे घातलेत, आणि प्रत्येक आकड्यापुढे दोन-दोन ओळींची जागा सोडलीय.