जुनी विंडोज मारून द्या

नवा लॅपटॉप खोक्यासकट दुकानात येतो. पडद्यावरची प्लास्टिकची फिल्मही निघालेली नसते आणि मागणी ठरलेली असते: "याच्यावर जुनी विंडोज मारून द्या." कधीकाळी 'जुनी' म्हणजे एक्सपी होती, मग सेव्हन झाली, आता टेन आहे. वाशीत लॅपटॉपदुरुस्तीचा धंदा करताना या तिन्ही पिढ्या माझ्या टेबलावरून गेल्या.

माझ्याकडे शिकायला येणारी पोरं सुरुवातीला या मागणीला हसतात. लोकांना नवं शिकायचा कंटाळा, असा त्यांचा निष्कर्ष. सवयीपोटी मागे जाणारे असतात, नाही असं नाही. पण नवी मुंबईत जुनी विंडोज मागणारा बहुधा स्वतःसाठी मागतच नाही. तो मागतो एखाद्या यंत्रासाठी, प्रिंटरसाठी किंवा कुणीतरी पंचवीस वर्षांपूर्वी लिहून दिलेल्या आणि अजून चोख चालणाऱ्या प्रोग्रॅमसाठी. म्हणून "कुठली विंडोज हवी?" हा प्रश्न मी विचारत नाही. "काम काय अडलंय?" हे विचारतो. अर्धी गिऱ्हाइकं तिथेच मोकळी होतात.

सवयीचा भाग आधी उरकतो. ऑक्टोबर २०१२ मध्ये विंडोज ८ आली आणि डाव्या कोपऱ्यातलं स्टार्ट बटण गायब झालं. महाराष्ट्रात एक अख्खी पिढी एमएस-सीआयटीच्या वर्गात 'स्टार्टवर क्लिक करा' या पहिल्या वाक्याने संगणक शिकलेली. सरकारी नोकरीसाठी ते प्रमाणपत्र लागायचं, त्यामुळे शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांचा हात त्याच कोपऱ्यात जायचा. तिथे काहीच नाही म्हटल्यावर लोक बिथरले. त्या काळात सेव्हन मारून देण्यावर कितीतरी दुकानांची भाडी निघाली. या लोकांचं काय चुकलं, मला अजून कळलेलं नाही. बटण काढणाऱ्यांनाच वर्षभरात ८.१ मध्ये ते परत आणावं लागलं.

पण मागे जाण्याची खरी हौस फिटली ती व्हिस्टाच्या वेळी. जानेवारी २००७ मध्ये व्हिस्टा बाजारात आली. दुकानदार तेव्हा ५१२ एमबी रॅमचे लॅपटॉप विकत होते आणि व्हिस्टा त्यावर धापा टाकायची. उपाय सगळ्यांना ठाऊक होता, तो म्हणजे एक्सपी. सीडी घालायची, निळ्या पडद्यावर फाइली वाचल्याचे संदेश पळताना बघायचे, 'सेटअप इज स्टार्टिंग विंडोज' आलं की हुश्श करायचं. आणि नेमकं त्याच क्षणी मशीन थांबायचं. पांढऱ्या अक्षरांची भिंत, त्यात बऱ्याच शून्यांनंतर सेव्हन-बी. लॅमिंग्टन रोडपासून पनवेलपर्यंत या धंद्यातल्या प्रत्येकाला हा कोड पाठ होता.

कारण साधं होतं. एक्सपी २००१ ची. तिला आयडीई पद्धतीने बोलणारी हार्ड डिस्क माहीत. नव्या लॅपटॉपमधली साटा डिस्क एएचसीआय नावाच्या वेगळ्या पद्धतीने बोलत होती. ते समजणारा ड्रायव्हर एक्सपीच्या सीडीवर नव्हता, म्हणून तिच्या लेखी डिस्कच नव्हती. ड्रायव्हर बाहेरून द्यायची सोय होती: सुरुवातीलाच एफ-सिक्स दाबायचं आणि फ्लॉपी घालायची. फ्लॉपी! ज्या लॅपटॉपला फ्लॉपीचा खाचाच नाही, त्याला. मग कुणी बायोसमध्ये जाऊन साटाचा मोड बदलायचा, तर कुणी रात्री बसून एनलाइट नावाच्या प्रोग्रॅमने ड्रायव्हर आत शिवलेली स्वतःची सीडी बनवायचा. अशा सीड्या हातोहात फिरायच्या. त्यांत आणखी काय काय शिवलेलं असायचं ते बघायची तसदी कुणी घेत नसे.

हीच गोष्ट पुढे दर काही वर्षांनी नव्या वेषात आली. २०१५ मध्ये इंटेलचे स्कायलेक प्रोसेसर आले. त्यांच्या मशीनवर सेव्हन मारायला घेतली की पहिल्याच पडद्यावर, भाषा निवडायच्या जागी, माउस आणि कीबोर्ड मेलेले. सेव्हनला यूएसबी ३ येत नाही आणि जुन्या यूएसबीचा कंट्रोलर इंटेलने चिपमधून काढून टाकला होता. समोर 'नेक्स्ट'चं बटण आणि ते दाबायला काहीच नाही! मग एनव्हीएमई डिस्क आल्या, त्याही सेव्हनला दिसेनात. आता अकराव्या पिढीपासूनच्या इंटेल लॅपटॉपवर टेन मारताना तोच प्रकार होतो. डिस्कची यादी कोरी येते, कारण व्हीएमडी नावाचा नवा थर मध्ये आला आहे. पोरं बायोसमध्ये जाऊन तो बंद करतात, आणि मग आत असलेली इलेव्हनही उठत नाही. कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर घ्यावा आणि सेटअपमध्ये 'लोड ड्रायव्हर' म्हणावं, एवढंच काम आहे. पण ते शांतपणे करायला हवं.

कायद्याची बाजू गिऱ्हाईक कधी विचारत नाही, दुकानदार कधी सांगत नाही. मागे जाण्याचा हक्क लायसनमध्येच असतो, मात्र तो 'प्रो'वाल्यांना. व्हिस्टा बिझनेसवाल्याला एक्सपी प्रोफेशनल, ८ प्रोवाल्याला सेव्हन प्रोफेशनल, आणि आज ११ प्रोवाल्याला १० प्रो. 'होम' आवृत्तीला हा हक्क नाही. आपल्याकडे घरासाठी घेतलेले बहुतेक लॅपटॉप होमवर येतात. आणि 'डॉस लॅपटॉप' म्हणून दोन-चार हजार कमी देऊन घेतलेल्यांवर तर लायसनच नसतं. त्यावर जे मारलं जातं ते काय असतं, हे सांगायची गरज नाही.

आता कामाकडे येतो. एपीएमसी मार्केटमधल्या अडत्यांचे गाळे घ्या. शेतकऱ्याच्या मालाची पट्टी करायची: डाग किती, वजन, भाव, त्यातून हमाली, तोलाई वजा. कित्येक ठिकाणी हे काम नव्वदच्या दशकात डॉसवरच्या फॉक्सप्रोमध्ये लिहिलेल्या प्रोग्रॅमवर चालत आलं. मेहताजी माउसला हात लावत नाहीत. आकडा, एंटर, आकडा, एंटर, आणि डॉट मॅट्रिक्सवर कार्बनसकट पट्टी बाहेर. लिलाव संपल्यावरच्या गर्दीत हा वेग नव्या कुठल्याही रंगीत सॉफ्टवेअरला जमत नाही, हे माझं प्रामाणिक मत आहे. पण ६४ बिटची विंडोज १६ बिटचे प्रोग्रॅम चालवतच नाही. टेनपर्यंत ३२ बिटची आवृत्ती मिळायची, तिच्यावर ते रेटता यायचे. इलेव्हन फक्त ६४ बिटमध्ये आहे. शेठ नवा लॅपटॉप घेतो, पट्टी निघत नाही, आणि तो माझ्याकडे येतो. त्याला जुनी विंडोज नकोच असते, त्याला पट्टी हवी असते. व्हीडॉससारखं एखादं एम्युलेटर टाकलं, प्रिंटर त्याला जोडून दिला की इलेव्हनवरच पट्टी निघते.

रबाळे, महापे, पावणे इथल्या कारखान्यांत चित्र वेगळं. सीएनसी मशीन वीस-पंचवीस वर्षं चालतं, त्याच्याशी बोलणारा संगणक पाच वर्षांत जातो. मशीनला नऊ पिनांचा सिरियल पोर्ट लागतो, सोबतचं सॉफ्टवेअर एक्सपीच्या काळातलं, आणि ते बनवणारी कंपनी कधीच विकली गेलेली. नव्या लॅपटॉपवर एक्सपी मारायचा हट्ट इथे सर्वांत जास्त होतो आणि तो सर्वांत कमी उपयोगाचा असतो. चालली तरी ग्राफिक्स नाही, वायफाय नाही, डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या उद्गारचिन्हांची रांग. त्यापेक्षा सिरियल पोर्ट असलेला सेकंडहँड डेस्कटॉप घ्यावा, एक्सपी घालून डिस्कची प्रत काढून ठेवावी आणि नेटची वायर त्याच्या जवळही फिरकू देऊ नये.

तिसरं गिऱ्हाईक छपाईच्या बिरादरीतलं, म्हणजे डीटीपीवाले. मराठी छपाईचा मोठा काळ पेजमेकरवर आणि श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांच्या फाँटवर उभा राहिला. पेजमेकरची ७.० ही शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची, तिला युनिकोड ठाऊक नाही. त्या फाँटमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागा अडवून बसलेली असतात. फाँट असेल तर 'दिवाळी' दिसते, नसेल तर कंस, टिंबं आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी. शिवाय सॉफ्टवेअरला कुलूप, म्हणजे डाँगल: आधी प्रिंटरच्या पोर्टात बसणारं, नंतर यूएसबीचं. त्याचा ३२ बिटचा ड्रायव्हर ६४ बिटच्या विंडोजला चालत नाही. एका ड्रायव्हरपायी अख्खा लॅपटॉप मागे न्यायला लोक तयार होतात ते उगाच नाही. त्यांच्या हार्ड डिस्कवर वीस वर्षांची पुस्तकं, लग्नपत्रिका आणि दिवाळी अंक असतात.

"युनिकोडमध्ये बदलून घ्या" असा सल्ला देणाऱ्यांनी एकदा एक प्रकरण बदलून पाहावं. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाईप व्हायची, रफार नंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा, म्हणून कन्व्हर्टरला प्रत्येक शब्दातली अक्षरं उलटसुलट लावावी लागतात. वेलांटी शेजारच्यावर जाते, 'सूर्य'चा रफार सरकतो, जोडाक्षरं सुटतात. म्हणजे प्रूफ पुन्हा पहिल्यापासून, आणि त्याचे पैसे प्रकाशक देत नाही. गंमत अशी की एक्सपीमध्ये देवनागरी युनिकोडची सोय होती, पण ती बंद असायची. रीजनल सेटिंगमध्ये एक खूण करून सीडी पुन्हा घालावी लागायची. ती खूण तेव्हाच केलेली आली असती, तर आजचा पसारा निम्मा असता.

इतकी सहानुभूती असूनही नव्या लॅपटॉपवर आधार संपलेली विंडोज मारून तो नेटला जोडून द्यायला मी नाही म्हणतो. कारण इथून जवळच घडलेलं आहे. २७ जून २०१७ ला युक्रेनमधल्या एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या नावाचा व्हायरस सुटला. मर्स्क समूहाच्या जाळ्यात तो शिरला आणि न्हावाशेवा बंदरातलं त्या समूहाचं गेटवे टर्मिनल्स इंडिया ठप्प झालं. संगणकावर चालणारं कंटेनरचं काम हाताने करायची वेळ आली. ज्या भोकातून तो पसरला ते बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. पण नॉटपेट्याची खोड अशी की पॅच नसलेलं एक मशीन सापडलं की तो तिथले पासवर्ड चोरायचा आणि त्यांच्या जोरावर पॅच असलेल्या मशीनमध्येही घुसायचा. ऑफिसात "एकच तर जुना लॅपटॉप आहे" म्हणणाऱ्यांना मी हे सांगतो. महिनाभर आधीच्या वॉनाक्राय व्हायरसच्या हल्ल्यात एक्सपी बदनाम झाली, पण त्यात सर्वाधिक सापडली ती सेव्हन, आणि तिचा आधार तर तेव्हा चालू होता. पॅच घातलेला नव्हता, एवढंच.

१४ ऑक्टोबर २०२५ हा विंडोज १० च्या आधाराचा शेवटचा दिवस होता. घरगुती मशीनना नाव नोंदवून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे पॅच मिळतील. जुन्या मशीनवर टेन आहे तर ही नोंदणी करा आणि तोवर निवांत राहा. नव्या मशीनवर मात्र टेन मारून घेऊ नका. बाराव्या पिढीपासून इंटेलने जलद आणि काटकसरी असे दोन जातींचे कोअर एकत्र आणले. कुठलं काम कुणाला द्यायचं ते इलेव्हनला नीट कळतं, टेनला तितकं नाही. म्हणजे पैसे मोजून घेतलेला वेग तुम्ही स्वतःच सोडून देता. जुन्या प्रोग्रॅमसाठी इलेव्हनच्या आतच व्हर्च्युअलबॉक्समध्ये एक्सपी किंवा सेव्हन बसवा, तिचं नेटवर्क बंद ठेवा. यूएसबीचं डाँगल तिथे बहुतेक वेळा चालतं. प्रिंटर पोर्टातलं असेल तर जुना संगणक भंगारात देऊ नका.

एवढं सांगूनही मारायचीच असेल, तर येताना दोन गोष्टी घेऊन या. कंपनीच्या मूळ विंडोजचा रिकव्हरी पेन ड्राइव्ह बनवून आणा. आणि बिटलॉकरची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून आणा. हल्ली नव्या लॅपटॉपची डिस्क बऱ्याचदा आपोआप कुलूपबंद होते आणि ही की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन बसते. ते खातं दुकानातल्या पोराने स्वतःच्या ईमेलने उघडलेलं असेल, तर तेही आजच बदलून घ्या. बायोसमध्ये हात घातल्यावर मशीन ती की मागतं. की नसेल तर आतले फोटो आणि फाइली मला काढता येत नाहीत, आणि "आम्ही काढून देतो" म्हणणाऱ्याला आगाऊ पैसे देऊ नका.